शेवटच्या बांधीचं पाणी

दसरा होऊन गेला होता, पावसाने पाठ फिरवली होती, आणि मला कुठेच धड बसवत नव्हतं. सकाळी कणीक मळायला घ्यायची आणि परात तशीच सोडून फोन पाहायला जायची. फोन वाजला की धस्स व्हायचं, नाही वाजला की जास्तच. एकदा तर भर दुपारी कपाटातले सगळे कपडे खाली काढले आणि पुन्हा घड्या घालत बसले. नवरा म्हणाला, "पायाले भिंगरी लागली का व तुह्या? बस ना जराशी." मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. ते खोटं नव्हतं. मी पाहुण्यांची वाट पाहत होते, आणि तिकडे माहेरच्या गावात माझ्या मैत्रिणीचा धान पाण्यासाठी खोळंबला होता. तलावात पाणी होतं. तलावाच्या दाराला कुलूप होतं. ते कुलूप तिथे येण्यात माझा हात होता.

माझं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यात. गावच्या तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की प्रतापगडाचा डोंगर दिसतो. आम्ही कोहळी. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच काम मन लावून केलं, पाणी दिसलं की अडवायचं. हा तलाव आमच्याच कुणा खापरपणजोबाने बांधला असं आमच्या घरात सांगतात. गावातली आणखी चार घरंही तेच सांगतात, आणि उगाच वाद नको म्हणून सगळ्यांचंच खरं मानायची पद्धत आहे.

पाळीच्या पोटात दगडी तुडूम होतं. तुडूम म्हणजे पाणी सोडायचं जुनं दार. एकाखाली एक भोकं, प्रत्येक भोकात लाकडी खुंटी. तलाव उतरत जाईल तशी खालची खुंटी काढायची. पावसाळा संपता संपता धान निसवतो, लोंबीत दूध भरतं, आणि तेव्हा त्याला एक शेवटचं पाणी लागतं. ते मिळालं तर दाणा, नाही तर नुसतं फोलपट. त्या पाण्याची गावाची एक रीत होती. तलावापासून सगळ्यात लांब ज्याची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, त्याने नारळ फोडायचा, खुंटी त्यानेच उपसायची आणि पहिलं पाणी त्याच्या बांधीत. मग त्याच्या अलीकडच्याला, मग त्याच्या अलीकडच्याला. तलावाला लागून ज्यांची शेतं, ते सगळ्यात शेवटी.

बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. पण शेवटच्याचं झाल्याशिवाय आपलं होणार नाही म्हटल्यावर जो तो आपल्या शेतापुढचा पाट न सांगता साफ करतो. मधेच पाणी फोडत नाही, दुसऱ्यालाही फोडू देत नाही. आणि तलावालगतच्या बांध्यांना पाळीचा पाझर असतोच, त्यांना दम धरता येतो. हे सगळं पाहायचं काम माझ्या बाबांचं. खांद्यावर फावडं टाकून ते पाटाच्या कडेने शेवटापर्यंत चालत जायचे आणि तिथून एकेक बांधी भरत मागे यायचे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळे कुणी काढलंही नव्हतं. पुढे त्यांना काढलं ते आम्ही.

शेवटच्या बांधीचा मालक तालुक्याच्या गावी राहतो. ती बांधी काही वर्षांपासून माझी मैत्रीण ठेक्याने करायची. आम्ही दोघी पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर. अक्षर तिचं चांगलं, माझं म्हणजे कोंबडीचे पाय. माझा निबंध वर्गात वाचायचा असला की बाई तिला उभं करायच्या, कारण माझं लिहिलेलं मला लागायचं नाही पण तिला लागायचं. दहावीनंतर तिचं गावातच लग्न झालं. मी आधी गोंदियाला, मग नागपूरला समाजकार्य शिकायला गेले. तिचा नवरा वर्षातले बरेच महिने हैदराबादकडे कामाला असतो. स्वतःची जमीन नाही. ती एक बांधी म्हणजे घरचा वर्षाचा तांदूळ, आणि त्याहून जास्त म्हणजे गावात शेती करणारी बाई म्हणून असलेली तिची जागा. मालक दर साली पीक पाहून पुढच्या सालचं ठरवायचा. पीक बरं आलं तर बांधी तिच्याकडे, नाही आलं तर दुसरा कोणी. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

शिकून मी परत इकडेच आले आणि एका संस्थेत लागले. संस्था इथली, मदत परदेशातली. जुने तलाव दुरुस्त करायचे, पण लोकांच्या सहभागाने, कारण मालकी लोकांची. हे 'मालकी लोकांची' प्रशिक्षणात इतक्या वेळा ऐकलं की जेवायच्या सुट्टीत आम्ही एकमेकींना विचारायचो, ही वांग्याची भाजी कोणाच्या मालकीची? हसलो खूप. पण मला ते पटलंही होतं. परदेशातल्या कुणीतरी कागदावर लिहून द्यावं की गावाला विचारल्याशिवाय काही करू नका, ही काही लहान गोष्ट नव्हती. आमच्याकडे तोवर जे आलं ते न विचारताच आलं होतं.

गाव निवडायला गुण होते. गोम अशी की जिथे काही नाही त्या गावाला जास्त गुण. समिती नाही, घ्या गुण. नियम नाहीत, घ्या गुण. ज्याच्या घरात सगळं आहे त्याला कोण कशाला देईल, हे बरोबरच आहे. पण त्यामुळे देणाऱ्यासमोर जाताना जे आहे तेही पदराखाली झाकावं लागतं. माझ्या गावाची पाळ एका अंगाला खचली होती, तुडुमातून बारा महिने पाणी गळायचं, आणि मला काहीही करून माझं गाव त्या यादीत हवं होतं. त्यात काय वाईट होतं? आजही मला वाटतं, काही नव्हतं.

समाजमंदिरात सभा घेतली. जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढला, त्याचे फोटो काढले. "बायांनो, पुढे या," असं मी दहा वेळा म्हटलं, कारण फोटोत बायका पुढे दिसायला लागतात. मग फॉर्म भरायला बसले. डोक्यावर पंखा गरगरत होता आणि कागद उडत होता. मैत्रीण माझ्या शेजारीच बसली होती. तिने कागदाच्या कोपऱ्यावर तळहात ठेवला आणि शेवटपर्यंत धरून ठेवला. मी एकेक प्रश्न वाचत होते, लोक उत्तरं देत होते, मी लिहीत होते.

"पाणीवाटपाचे नियम आहेत का?" मी वाचलं.

मागून एक म्हातारा म्हणाला, "नेम कायले पाहिजेत जी? पानी त सोडतोच ना आमी." सगळे हसले. तुम्ही उजव्या हाताने जेवता का असं विचारल्यावर माणसं हसतात, तसे. बाबा भिंतीला टेकून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपारीकडे पाहिलं. आपली पोरगी आहे, तिला ठाऊकच आहे, लिहील ती, एवढंच त्या पाहण्यात होतं.

मी लिहिलं, 'नाहीत.'

लिहिताना हात अडखळला नाही, हे कबूल करते. मनाशी म्हटलं, लेखी नाहीतच ना. पुढच्या प्रश्नाकडे गेले.

गाव यादीत आलं. पाळीचं काम झकास झालं, त्यात खोट काढायला जागा नाही. लोकांनी श्रमदान केलं, बाबांनीही टोपली उचलली. जुनं तुडूम बुजवून त्याच्या जागी लोखंडी दार बसवलं, वर फिरवायचं चाक आणि चाकाला साखळी-कुलूप. मग समिती. अध्यक्ष झाले ते गावच्या नात्याने माझे काका. शिकलेले, सरळ माणूस, पण त्यांच्या बांध्या तलावाला खेटून. किल्ली त्यांच्याकडे आली. नियम हवेत म्हणून मी संस्थेच्या फायलीतून नमुन्याचे नियम उतरवून नेले. त्यात होतं, पाणी तलावाच्या बाजूने क्रमाने देण्यात यावं. मी वाचून दाखवले. सगळे म्हणाले, "हो जी."

आमच्याकडे पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. आणि माहेरवाशीण म्हणजे अर्धी पाहुणीच. मी त्या दिवशी हातात फाइल घेऊन गेले होते, म्हणजे उरलेली अर्धीही झाले. बाबांना समितीत या म्हटलं, तर म्हणाले, "मले सहीगिही कराले लावू नको. फावडा आहे ना माह्याजवळ, पुरे तेवढं."

पहिल्या साली पाऊस शेवटपर्यंत पडला. तलावाचं पाणी कुणाला लागलंच नाही, नियम फायलीत राहिले. दुसऱ्या साली तो आधीच उठून गेला. आणि नेमकं त्याच वेळी ठरलं की ज्यांची मदत होती ते परदेशी पाहुणे येणार, तलाव पाहणार आणि त्यांच्या हस्ते तो गावाच्या मालकीचा झाल्याचं प्रमाणपत्र देणार. फ्रेम करून. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "आपलाच तलाव आपल्याले देऊन राहिले. घ्या बापा, नाई कायले म्हना."

आमचे प्रकल्प अधिकारी नागपूरहून फोन करायचे. वयाने माझ्याहून लहान, कामाला वाघ, आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते म्हणाले, "मॅडम, गुरुवारी येतायत. तोवर गेट उघडू नका हं. इतकं काम केलं आणि उतरलेला तलाव दाखवायचा का? दोनच दिवस." मी ते अध्यक्षकाकांना कळवलं. दोन दिवसांनी काही बिघडत नव्हतं.

गुरुवारचा शनिवार झाला, दिल्लीतली त्यांची बैठक लांबली म्हणून. शनिवारचा सोमवार झाला. मैत्रिणीचा फोन रोज यायचा. ती कधी रागावून बोलली नाही, तेच जास्त लागत होतं.

"कधी येऊन राहिले व तुहे पाहुणे?"

"परवा."

"परवाही तू परवाच म्हटली होती." मग जरा थांबून, "माह्या बांधीत भेगा पडून राहिल्या. बोट जाते, हात जात नाई अजून."

शेवटी न राहवून मी स्कुटी काढली आणि गेले. तलाव काठोकाठ होता, बगळे उभे होते, कोणालाही फोटो काढावासा वाटला असता. काकांच्या बांध्यांत पाझराने पाय बुडेल इतकी ओल होती. तिथून पाटाच्या कडेने चालत निघाले तसा चिखल गेला, मग ओल गेली, मग माती पायाखाली कडकड वाजायला लागली. पाटात गवत कमरेएवढं माजलं होतं. शेवटच्याची वाट बघायची नाही म्हटल्यावर ते कोण कशाला काढेल? ती बांधावर उभी होती. लोंबीतला एक दाणा तोडून तिने नखाने दाबला. पांढरं दूध आलं.

"आहे अजून," ती म्हणाली. "आज आहे. परवाचं मले नको विचारू."

मला तिच्याकडे पाहवलं नाही. तिथूनच काकांना फोन लावला. "काका, उघडा ना जी गेट. तलाव का रिकामा होऊन राहिला एवढ्यानं?"

काका म्हणाले, "बाई, मले का हौस आहे बंद ठेवाची? ऊपर से आदेश आहे, तूच त सांगितली. आता तूच म्हन, मी उघडतो. म्हन."

एवढंच म्हणायचं होतं. उघडा. तीन अक्षरं. मैत्रीण माझ्यापासून चार हातांवर उभी राहून ऐकत होती. आणि माझ्या डोळ्यापुढे सर आले, पुढच्या सालचं माझं करारपत्र आलं, उतरलेल्या तलावाच्या काठावर तोंड पाडून उभे असलेले पाहुणे आले. मी म्हटलं, "थांबा काका, विचारून सांगते." आणि फोन ठेवला. माझा स्वतःवरचा राग तेव्हा सुरू झाला आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, आता तर ते निघाले नागपूरहून." खरंच निघाले होते. पण साकोलीपाशी आल्यावर त्यांना नागझिऱ्याला नेलं. संध्याकाळच्या फेरीत वाघ दिसला नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी. मी गाडीच्या ड्रायव्हरला फोन केला, तो गोंदियाचा. म्हणाला, "मॅडम, शेर देखे बिना ये लोग हिलने वाले नहीं." त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता, तरी मी चिडले. आमच्या तलावाची मालकी आमच्याकडे यायची की नाही ते जंगलातल्या एका वाघाच्या मर्जीवर येऊन ठेपलं होतं.

ते आले मंगळवारी दुपारी. एक उंच, पांढऱ्या केसांची बाई आणि कॅमेरा घेतलेला एक माणूस. सोबत सर. पाळीवर मांडव घातला होता, रांगोळ्या होत्या, काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी दुभाषी. त्या बाईंबद्दल माझ्या मनात आठवडाभर जे साचलं होतं ते त्यांना पाहिल्यावर ओतता येईना, कारण बाई चांगल्या होत्या. चपला काढून सतरंजीवर खाली बसल्या. भाषण नको म्हणाल्या. वहीतून वर बघत त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, हे दार नव्हतं तेव्हा तुम्ही पाणी कसं वाटत होतात?

मी मराठीत विचारलं. लोक बाबांकडे पाहायला लागले. बाबा म्हणाले, "शेवटच्याचं आधी. मंग मागं मागं येत जाचं. आमच्या बापाच्या बापाच्या पासून असंच आहे." आणि मग खुंटी, नारळ, पाट साफ करणं, पाझर, सगळं सांगितलं. इतकं बोलताना मी बाबांना क्वचित ऐकलं आहे. मी इंग्रजीत सांगत गेले. बाईंचा चेहरा उजळला. त्या भराभर लिहीत होत्या. मग थांबल्या, पिशवीतून छापील कागदांचा गठ्ठा काढला, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाल्या, पण इथे तर लिहिलं आहे की गावात कुठलेच नियम नव्हते. हे कसं? त्यांना विचारा ना.

माझ्याच माणसांना, माझ्याच तोंडाने, मला विचारायचं होतं की मी जे लिहिलं ते कसं लिहिलं गेलं. सर माझ्याकडे पाहत होते. मी विचारलं. काकांनी खाली पाहिलं. बाबांच्या हातातला अडकित्ता थांबला. त्यांना कळलं हे मला दिसलं.

बायकांच्या रांगेतून माझी मैत्रीण बोलली. "आमीच सांगितलं नाई जी. आमाले वाटलं, हे का सांगाची गोष्ट आहे?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. हो जी, आमीच नाई सांगितलं. एकामागून एक, सगळ्यांनी ते आपल्या अंगावर घेतलं. जिची बांधी तडकून पडली होती तिने सुरुवात केली आणि अख्ख्या गावाने माहेरवाशिणीला पाठीशी घातलं. मी ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. एवढं चोख भाषांतर मी त्या सबंध प्रकल्पात केलं नसेल. बाईंनी ते लिहून घेतलं. मी तेव्हा खरं बोलू शकले असते. नाही बोलले.

मग बाई म्हणाल्या, तुमच्या रीतीने एकदा उघडून दाखवाल का? काकांनी किल्ली काढली आणि मैत्रिणीच्या हातात दिली. नारळ आणायला कुणाला सुचलं नव्हतं, तो तेवढ्यात कुणाच्या घरून आला. तिने चाक फिरवलं, पाणी धाडकन सुटलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. प्रमाणपत्राची फ्रेम काकांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली. पाहुणे चहा घेऊन निघाले. बाबा मात्र टाळ्या चालू असतानाच फावडं घेऊन पाटात उतरले होते, मागोमाग दहा-बारा माणसं. गवत इतकं माजलं होतं की पाण्याला शेवटच्या बांधीपर्यंत पोचायला पुढचे दोन दिवस लागले. रीत एका साली मोडली तर पाटाचं असं होतं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं.

काही महिन्यांनी अहवाल आला. गुळगुळीत कागदावर, पहिल्याच पानावर चाक फिरवणारी माझी मैत्रीण. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की शेवटच्या शेतापासून पाणी देण्याची नवी पद्धत प्रकल्पामुळे गावात रुजली. सर खूश होते. मला वाटलं तो अहवाल फाडावा. फाडला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला, अजून आहे.

पण त्याआधी, दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, मी तिच्याकडे गेले होते. धान कापून झाला होता. अंगणात तिने जोराच्या वाऱ्याचा मोठा फर्राटा पंखा लावला होता आणि त्याच्यासमोर सुपाने धान उडवत होती. दाणा खाली पडतो, पोचट वाऱ्याने पुढे जातं. तिच्या पायाशी दाण्याची लहानशी रास होती आणि पुढे फोलपटाचा ढीग, राशीपेक्षा उंच. मी दुसरं सूप घेतलं. थोडा वेळ दोघी उडवत राहिलो.

"मालक येऊन गेला," ती म्हणाली. "दुसऱ्याले देऊन राहिला पुढच्या साली. कोनाले ते नाई सांगितलं."

"आता तू का करशीन?"

"का करीन? रोवन्याले जाईन मजुरीनं दुसऱ्याच्या बांधीत. सगळ्या जातात."

माझ्याच्याने आणखी धरवेना. मी सूप खाली ठेवलं आणि म्हटलं, "हे माह्यामुळं झालं. त्या सभेतल्या कागदावर मीच लिहिलं होतं, नेम नाहीत म्हनून. तिथूनच सगळं झालं. अन्‌ त्या दिवशी काकांना उघडा म्हनायची हिंमतही झाली नाही माही." बोलता बोलता रडायला आलं. आठवडाभर पाठ केलेली आणखीही वाक्यं होती, ती आठवली नाहीत.

तिने पंख्याचं बटण बंद केलं. पदराने तोंडावरची धूळ पुसली.

"मालूम आहे मले," ती म्हणाली.

"कोनं सांगितलं?"

"कोन सांगन? मी तुह्या बाजूलेच होती ना बसून. कागद माह्या हाताखाली होता. तू लिहून राहिली होती, मी वाचून राहिली होती. तुहं अक्षर मलेच त लागते."

मी विचारलं, "मंग तवाच बोलली काऊन नाई व?"

"मले वाटलं, तू एवढी शिकून आली," ती म्हणाली. "काईतरी इचार करूनच लिहीत असशीन."

तिने पंखा पुन्हा लावला, सूप भरून घेतलं आणि मला म्हणाली, "बाजूले सरक, सारं पोचट तुह्या अंगावर येऊन राहिलं."